गर्भारपणातलं झिंक : रिपोर्टपेक्षा गहू बघा

माळव्यातल्या शेतकऱ्याच्या घरात आज दोन कार्डं सापडतात. एक मृदा स्वास्थ्य कार्ड. 2015 मध्ये केंद्राने ही योजना आणली तेव्हापासून मातीचा नमुना तपासून त्यावर बारा गोष्टी छापून देतात, आणि त्या बारांत झिंक असतं. दुसरं सुनेचं जच्चा-बच्चा कार्ड. त्यावर वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी, धनुर्वाताच्या इंजेक्शनाची तारीख, लोहाच्या गोळ्या किती दिल्या, सगळं असतं. झिंकचा रकाना नसतो.

ही दोन्ही कार्डं शेजारी ठेवली की प्रश्न आपोआप जिभेवर येतो. जमिनीचं मोजता, मग आईचं का नाही? इंदूरच्या खासगी लॅबना हा प्रश्न सरकारच्या आधी सुचला. गर्भवतींसाठीच्या पॅकेजात हल्ली बी-12 आणि डी-3 च्या जोडीला झिंकही बसलेलं दिसतं आणि रामबागेपासून सुदामानगरपर्यंत आपल्या मराठी घरांतून ते रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. माझं म्हणणं याच्या उलट आहे. गर्भारपणातल्या झिंकची काळजी करायला हवी, नक्कीच हवी. पण ती एकेका बाईच्या दंडातून रक्त काढून होणार नाही. ती तिच्या ताटात येणाऱ्या गव्हापाशी करावी लागेल, आणि ते काम तिच्या एकटीचं नाही.

आधी झिंक लागतं कशाला ते बघू. प्रौढ माणसाच्या अख्ख्या शरीरात ते दीड ते अडीच ग्रॅम असतं. एवढ्याशा जस्तावर तीनशेहून जास्त एन्झाइमांचं काम चालतं. पेशीची दुसरी पेशी होताना डीएनएची नक्कल करायला ते लागतं, जखम भरायला लागतं, रोगप्रतिकाराला लागतं. गर्भ वाढतो म्हणजे नऊ महिने पेशी दुणावत राहतात, तेव्हा तिथे झिंकविना पान हलत नाही. तरी मजा अशी की सबंध गर्भारपणात जास्तीचं झिंक साठतं ते जेमतेम 100 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्यातलं अर्ध्याहून अधिक बाळाच्या अंगात जातं, तेही मुख्यतः शेवटच्या तिमाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीत बाईला रोज 13.2 मिलिग्रॅम झिंक सांगितलंय आणि गर्भवतीला 14.5. फरक सव्वा-दीड मिलिग्रॅमचा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माणसाला झिंकची कमतरता होऊ शकते हे वैद्यकाला कळलं त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत, आणि ते ओळखणारा डॉक्टर आपल्याकडचा. आनंद प्रसाद, बिहारमधल्या बक्सरचे, पाटण्यात शिकलेले. 1958 मध्ये इराणातल्या शिराझला असताना त्यांच्यापुढे एकवीस वर्षांचा एक तरुण आला. दिसायला दहा वर्षांचा. अंगात रक्त नाही, वयात आल्याची खूण नाही. जेवण म्हणजे न आंबवलेली रोटी, आणि माती खायची सवय. नुसत्या लोहाच्या कमतरतेने उंची खुंटत नाही, मग हे काय, या प्रश्नाचा पाठपुरावा त्यांनी पुढे इजिप्तमध्ये केला आणि 1960 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत उत्तर आलं ते झिंकचं. धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो झिंकला पकडून ठेवतो आणि आतड्यातून आत जाऊ देत नाही. रोटीत झिंक होतं, पोटातही गेलं होतं, अंगी लागत नव्हतं.

आपल्या घरांतून मातीचे डोहाळे कौतुकाचे असतात. नुसत्या भिंतीवर पाणी मारल्याचा वास आला तरी गर्भारशीला ती चाटावीशी वाटते, आणि डोहाळजेवणाच्या गाण्यांतून त्याची थट्टा होते. माती खाल्ल्याने कमतरता होते की कमतरतेमुळे माती खावीशी वाटते यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही. पण डोहाळे माती-खडूचे असतील तर हिमोग्लोबिन बघून घ्यावं, हे त्या थट्टेच्या शेजारी कुणीतरी बोललं पाहिजे.

आता लॅबकडे. मी बरीच वर्षं रक्त काढायचं आणि नमुने लावायचं काम केलंय, तेव्हा या तपासणीबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण पैसे आणि मनस्ताप दोन्ही इथेच वाया जातात.

गर्भारपणात रक्तातलं झिंक खाली येतं. येणारच. पोटात बाळ असताना रक्तातला पाण्याचा भाग वाढतो. वरणात पाणी वाढवलं की मीठ तेवढंच असून चव उतरते, तसं. शिवाय रक्तातलं झिंक अल्ब्युमिन नावाच्या ज्या प्रथिनाला धरून असतं ते अल्ब्युमिन कमी होतं, आणि वार आईच्या रक्तातलं झिंक ओढून बाळाकडे पोचवते. म्हणून नाळेच्या रक्तातलं झिंक आईच्या रक्ताहून जास्त निघतं. शरीराची ही व्यवस्थाच आहे. दिवस भरेपर्यंत आईचा आकडा पाव हिश्शाने उतरला तरी त्यात नवल नाही. म्हणूनच झिंकवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने गर्भवतींसाठी वेगळ्या मर्यादा घालून दिल्या आहेत. एरवी बाईचं सकाळचं उपाशीपोटीचं झिंक डेसिलिटरला 70 मायक्रोग्रॅमच्या खाली गेलं तर कमी म्हणायचं. पहिल्या तिमाहीत 56 च्या खाली, आणि पुढे 50 च्या खाली.

आता समजा आठव्या महिन्यातल्या बाईचा आकडा 58 आला. तिच्यासाठी तो ठीक आहे. पण रिपोर्टच्या छापील फॉर्मवर मर्यादा असते सर्वसाधारण प्रौढांची, त्यामुळे 58 च्या पुढे ठळक अक्षरात ‘लो’ उमटतं. संध्याकाळी घरात चर्चा. ‘‘मी सांगत होते ना सूनबाई, तू नीट खात नाहीस,’’ हे वाक्य ठरलेलं. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून झिंकच्या गोळ्या येतात, कधी रोज 50 मिलिग्रॅमच्या, जेव्हा रोजची वरची सुरक्षित मर्यादा 40 ची आहे. जास्त झिंक बरेच दिवस घेतलं की ते तांब्याचं शोषण अडवतं, आणि तांबं कमी पडलं की पुन्हा रक्त कमी. उपाशीपोटी घेतली तर मळमळ वेगळी, आणि जिला आधीच काही पोटात ठरत नाही तिने ती का सोसायची?

आणि तो 58 तरी खरा कशावरून? झिंक सगळीकडे असतं. नळीच्या रबरी बुचात असतं, चिकटपट्टीच्या गोंदात असतं. म्हणून सूक्ष्म खनिजांच्या तपासणीसाठी गडद निळ्या झाकणाची वेगळी नळी वापरायची असते. ती महाग. गर्दीच्या वेळी लाल झाकणाची नळी हाताला आधी लागते. सुई नीट बसली नाही आणि रक्त ओढताना पेशी फुटल्या तर आकडा वर जातो, कारण रक्तातलं बहुतेक झिंक तांबड्या पेशींच्या आतच असतं. नमुना तासन्‌तास तसाच ठेवला तरी तेच. देवास किंवा महूच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेली नळी दुपारी पोराच्या मोटरसायकलवरून इंदूरला येते, हे मी रोज बघितलंय. उलट जेवण झालेलं असेल तर आकडा खाली. संध्याकाळचा नमुना असेल तर खाली. साधा सर्दी-ताप असेल तरी खाली, कारण संसर्ग झाला की शरीर झिंक रक्तातून यकृताकडे वळवतं. कळा चालू असताना घेतलेला नमुना तर या सगळ्यावर कडी.

मातीचं तसं नाही. मातीला जेवणाची वेळ नसते, ताप येत नाही आणि ती दिवसाकाठी रंग पालटत नाही. म्हणून मातीचं झिंक मोजून खताचा सल्ला देता येतो आणि एकेका आईचं मोजून गोळीचा देता येत नाही.

मेडिकल कॉलेजांतल्या पीजीच्या विद्यार्थ्यांना हा विषय फार सोयीचा वाटतो. बाळंतपणाच्या वेळी आईचं रक्त घ्या, नाळेचं घ्या, बाळाचं वजन मांडा. कमी वजनाच्या किंवा दिवसांआधी झालेल्या बाळांच्या आयांत झिंक कमी निघतं. देशभर असे कितीतरी छोटे अभ्यास झालेत. मी ते खोटे म्हणत नाही. पण गर्भारपणात बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जायला लागली की अल्ब्युमिन घटतं, त्याच्याबरोबर झिंकही घटतं, आणि त्याच कारणाने बाळही लवकर काढावं लागतं. अशा वेळी झिंक कमी होतं म्हणून बाळ लहान झालं, असं कसं म्हणणार? गरिबीतल्या बाईचं झिंक कमी, लोह कमी, जेवण कमी, आराम कमी. त्यातलं एक झिंक तेवढं उचलून त्याच्या माथी खापर फोडायचं?

हे ठरवायचं तर काही बायकांना झिंक द्यायचं, काहींना तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या द्यायच्या आणि बघायचं. तेही झालंय. 1995 मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात झिंक कमी असलेल्या गर्भवतींना रोज 25 मिलिग्रॅम दिलं तर बाळं सरासरी सव्वाशे ग्रॅमने वजनदार निघाली. सगळे हुरळले. मग ढाक्याच्या वस्त्यांत 30 मिलिग्रॅम दिलं, जन्माच्या वजनात काही फरक नाही. नेपाळच्या तराईत, म्हणजे जेवणखाण आपल्याशी बरंच जुळणाऱ्या भागात, लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडने कमी वजनाची बाळं घटली, आणि त्यातच झिंक मिसळलं तेव्हा तो फायदा दिसेनासा झाला. 2003 चा हा अभ्यास मला सगळ्यात बोलका वाटतो. सगळ्या चाचण्यांचा एकत्र हिशेब कॉक्रेन नावाचा गट मांडतो. 2015 मध्ये त्यांनी म्हटलं की झिंकने दिवसांआधीची बाळंतपणं 14 टक्क्यांनी कमी होतात. 2021 मध्ये 25 चाचण्या आणि 18 हजारांवर बायकांचा हिशेब नव्याने मांडला तेव्हा तो फायदाही ठामपणे सांगता येईना. जागतिक आरोग्य संघटना 2016 पासून म्हणतेय की गर्भवतींना नुसतं झिंक द्यायचं ते फक्त काटेकोर संशोधनापुरतं.

इतक्यावर कुणी म्हणेल, मग सोडा ना विषय. तेही चूक. आईच्या गोळीतून बाळाचं वजन वाढताना दिसत नाही, पण बाळाला मिळालेल्या झिंकने बाळ वाचताना दिसतं. ढाक्याच्याच चाचणीत ज्या आयांना झिंक दिलं होतं त्यांच्या कमी वजनाच्या बाळांना पुढे हगवण कमी झाली. दिल्लीत 2012 मध्ये गंभीर जंतुसंसर्गाच्या तान्ह्या बाळांना अँटिबायोटिकच्या जोडीला झिंक दिलं तेव्हा उपचार फसण्याचं प्रमाण 40 टक्क्यांनी घटलं. हगवणीत ओआरएसबरोबर झिंकची गोळी आपल्या अंगणवाडी-आशा ताईंच्या पिशवीत आहेच, आणि ती द्यायलाच हवी. सहा महिन्यांखालच्या बाळाला 10 मिलिग्रॅम, त्यावरच्याला 20, चौदा दिवस. पातळ शी थांबली की दोन दिवसांत आई गोळी बंद करते, तिथे आजीने लक्ष घालावं.

नवजात बाळाचं झिंक येतं दोन वाटांनी. एक, शेवटच्या तिमाहीत यकृतात साठलेलं. सातव्या-आठव्या महिन्यात झालेल्या बाळाची ही पुंजी अपुरी असते, म्हणून अशा बाळाला झिंकचे थेंब द्यायचे की नाही हे त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. दुसरी वाट आईचं दूध, त्यातही पहिल्या दोन-तीन दिवसांचं घट्ट पिवळसर चीकदूध. महिन्याभराने दुधात जेवढं झिंक असतं त्याच्या तीन-चार पट या पहिल्या दुधात असतं आणि ते बाळाला चांगलं पचतं. आईचं रक्तातलं झिंक थोडं कमी असलं तरी दुधातलं फारसं घटत नाही, त्या दिवसांत तिचं आतडं जेवणातलं झिंक जास्त ओढून घेतं. एका दुर्मिळ जनुकदोषात मात्र आईच्या दुधात झिंक फारच कमी उतरतं आणि बाळाच्या तोंडाभोवती, ढुंगणावर न जाणारे चट्टे उठतात. ती गोष्ट वेगळी.

आणि हे फुकटचं झिंक आपण काय करतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, देशातली 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली आणि जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं निघाली 41.8 टक्के. म्हणजे बाळ डॉक्टर-नर्सच्या डोळ्यांदेखत जन्मतं आणि तरी पहिला तास हुकतो. सिझेरियन झालेलं असतं, आई गुंगीत असते, बाळ दुसऱ्या खोलीत असतं, आत्या मधाचं बोट घेऊन उभी असते. जी लॅब गर्भवतीला झिंकची तपासणी विकते तिच्याच वरच्या मजल्यावरच्या प्रसूतिगृहात हे होत असेल तर पहिल्यांदा तो मजला बघायला हवा.

आता मूळ मुद्दा. देशात 2016 ते 18 दरम्यान मुलांची राष्ट्रीय पोषण पाहणी झाली. त्यात एक ते चार वर्षांच्या 19 टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या 32 टक्के मुलामुलींत झिंक कमी निघालं. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानायची रेषा 20 टक्क्यांवर आहे. त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांच्या असलेल्या मुली आज पंचविशीच्या आसपास आहेत, म्हणजे त्यांतल्या कितीतरी आज बाळंतिणी आहेत. या पाहणीत गर्भवती नव्हत्या. पुढच्या पाहणीत त्या असाव्यात, निळ्या झाकणाच्या नळीने, सकाळी, तिमाहीप्रमाणे वेगळ्या मर्यादा लावून. एकेकीच्या आकड्यात जे चुकतं ते हजारोंच्या आकड्यात बरंचसं सांभाळून घेता येतं. रक्ताच्या तपासणीला मी जागा देते ती इथे.

मुलींत एवढी कमतरता येते कुठून? मातीतूनही येते. देशभरातल्या मातीच्या नमुन्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक झिंकने कमी आहेत, आणि मध्य प्रदेशात निम्म्याहून अधिक. आपली काळी माती चुनखडीची, तिचा सामू, म्हणजे पीएच, चढा. झिंक असलं तरी ते मातीत अडकून बसतं, मुळांना मिळत नाही. त्यात वर्षानुवर्षं सोयाबीन-गहू, सोयाबीन-गहू. शेतकरी डीएपी खताची पोती टाकतो, झिंक सल्फेटची पुडी परवडली तर टाकतो. धान्यात मग जेवढं उतरेल तेवढं.

एप्रिल-मेमध्ये छावणीच्या मंडीत किंवा लक्ष्मीबाई नगरला वर्षाचा गहू भरायला जा. आपली बाई गहू कसा निवडते ते बघा. मूठभर गहू तळहातावर घेते, फुंकर मारते, एक दाणा दातांखाली फोडते, चकाकी बघते. लोकवन घ्यायचा की शरबती, पोळी मऊ राहते कोणाची, डब्यात दुपारपर्यंत वातड होत नाही कोणाची, बाफल्यांसाठी थोडा मालवी वेगळा. मग घरी एरंडेल चोळून कोठीत भरणं. या सगळ्या पारखीत झिंक कुठे बसणार? ते डोळ्यांना दिसत नाही, दाताला कळत नाही. व्यापाऱ्याच्या पाटीवर नाही आणि हमीभावातही त्याचा वेगळा पैसा नाही.

गंमत म्हणजे झिंकचा गहू याच शहरात तयार झाला. भारतीय कृषी संशोधन संस्थेचं गव्हाचं केंद्र इंदूरला आहे. इथल्या वाणांच्या नावापुढे ‘एचआय’ लागतं. त्यांचा पूसा तेजस, म्हणजे एचआय 8759, हा कठिया, म्हणजे रवा-दलियाचा कडक दाण्याचा गहू. नेहमीच्या वाणांत किलोला 30 ते 32 मिलिग्रॅम झिंक असतं, तेजसमध्ये 42.8. प्रथिनंही 12 टक्के. शेतकऱ्यांनी तो उचलला तो उत्पन्नासाठी, झिंकसाठी नव्हे, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. तो मंडीत येतो, ढिगात मिसळतो, रवा-मैद्याच्या गिरण्यांत जातो आणि गिरणीत कोंड्याबरोबर झिंकचा मोठा वाटा निघून जातो.

हिशेब करून बघा. सहा-सात पोळ्यांना 200 ग्रॅम कणीक धरली तर साध्या गव्हातून 6.2 मिलिग्रॅम झिंक मिळतं आणि तेजसमधून साडेआठ. फरक सव्वादोन-अडीच मिलिग्रॅम. गर्भारपणात वाढणारी गरज सव्वा-दीडची होती. एकही गोळी नाही, रिपोर्ट नाही, सुनेचं खाणं काढणं नाही. यातलं सगळंच अंगी लागत नाही, फायटेट त्यातलं अडवून धरतंच, हे मान्य. पण ते साध्या गव्हातलंही अडवतंच. आणि हे नुसतं कागदावरचं गणित नाही. दिल्लीच्या वस्त्यांत झिंक जास्त असलेल्या गव्हाची कणीक सहा महिने बायकांना आणि लहान मुलांना दिली गेली, हा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. बायकांच्या तापाचे दिवस घटले, मुलांत न्यूमोनियाचे दिवस घटले. त्या बायका गर्भवती नव्हत्या, हेही सांगून टाकते. आणि रक्तातलं झिंक? त्यात फरक दिसला नाही. रिपोर्टवर विसंबून राहिलं असतं तर हा गहू कुचकामी ठरला असता.

तेजसचा दाणासुद्धा उपाशी मातीत जादू करत नाही. मातीत झिंक नसेल तर वाण काय करेल? तिथे मृदा कार्डाचा उपयोग आहे. ज्या शेताच्या कार्डावर झिंक कमी आहे तिथे झिंक सल्फेट टाकणं, किंवा गहू निसवल्यावर त्याची फवारणी करणं, याने दाण्यातलं झिंक वाढतं. उत्पन्न तेवढंच राहिलं तरी वाढतं, म्हणूनच शेतकऱ्याने ते स्वतःच्या खिशातून का करावं हा प्रश्न रास्त आहे. पैसे सरकारने द्यावेत.

स्वयंपाकघरात करण्यासारखं आहे, पण तिथेही उपदेश जपून करावा. मोड आलेली मटकी, मूग, आंबवलेली इडली-आंबोळी यांत फायटेट कमी होतं. आपल्या घरात उसळ दिवसाआड होते, ती नेमकी बाळंतिणीच्या ताटातून जाते, कारण ‘वातूळ’. मोडाची मुगाची पातळ आमटी कुणाला बाधत असेल तर बंद करा, पण न बाधता सव्वा महिना बंदी कशाला? डिंक-अळिवाच्या लाडवांत तीळ जरा जास्त घाला, तिळात झिंक चांगलं असतं. ज्यांच्या घरी मटण होतं त्यांनी गर्भारशीला वाटीभर रस्सा आणि दोनच फोडी वाढू नयेत, झिंक फोडींत असतं. अंगणवाडीत अंडं द्यावं की नाही यावर मध्य प्रदेशात 2015 पासून राजकारण चाललंय. अंडं जरूर द्यावं, प्रथिनांसाठी द्यावं, झिंक त्यात पाऊण मिलिग्रॅमसुद्धा धड नसतं.

लोहाच्या लाल गोळ्या मात्र कुणी झिंकच्या नावाखाली बंद करू नयेत. लोहाने झिंकचं शोषण अडतं हे खरं असलं तरी ते मुख्यतः उपाशीपोटी दोन्ही एकत्र घेतल्यावर, जेवणाबरोबर फार फरक पडत नाही. 2019-21 च्या त्याच कुटुंब पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गर्भवतींत रक्त कमी निघालं असताना 180 गोळ्या पोटात जाणं हे पहिलं काम. पंधरा जीवनसत्त्वं-खनिजांच्या एकत्र गोळीने कमी वजनाची बाळं नुसत्या लोह-फॉलिकच्या तुलनेत 12 टक्क्यांनी घटतात असं दिसलंय, आणि तिच्यात 15 मिलिग्रॅम झिंक असतं. तिची चाचणी आपल्याकडे एखाद्या विभागात व्हावी असं मला वाटतं. मात्र तिच्यात लोह साठऐवजी तीस असतं, तेव्हा रक्त फार कमी असलेल्या बायकांचं काय हे आधी ठरवावं.

रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 घालायची योजना सरकारने आणली. नियमात झिंक ऐच्छिक आहे, आणि सरकारी कामात जे ऐच्छिक असतं ते होत नाही. मध्य प्रदेशात अंगणवाडीतून गर्भवतींना घरी न्यायची पाकिटं मिळतात, गहू-सोया बर्फीचं मिश्रण, आटा-बेसन लाडवाचं मिश्रण, खिचडी. गहू सरकारचाच. हा गहू हमीभावाच्या ढिगातून न उचलता इंदूर-उज्जैन विभागातल्या तेजस लावणाऱ्या शेतकऱ्यांकडून वेगळा घ्यावा, किलोमागे थोडा जास्त भाव द्यावा आणि प्रत्येक खेपेचा नमुना मातीसारखाच प्रयोगशाळेत लावून किलोला 40 मिलिग्रॅम झिंक आहे की नाही ते बघावं, एवढीच माझी मागणी आहे. त्या सोयाच्या पिठात फायटेट भरपूर असतं, तेव्हा सोया भिजवून-भाजून घेण्याची पद्धतही एकदा पोषणतज्ज्ञांकडून तपासून घ्यावी.

यावर मंडीतले लोक एक आक्षेप घेतील आणि तो खरा आहे. कठिया गव्हाची पोळी आपल्या लोकवनसारखी मऊ होत नाही, घरातली बाई तो पोळीसाठी घेणार नाही. नको घेऊ दे. पाकिटातली बर्फी, लाडू, दलिया यांना मऊ पोळीचा गहू लागतच नाही, तिथे कठियाच शोभतो. पोळीच्या मऊ गव्हातही झिंक जास्त असलेले वाण देशात निघाले आहेत. त्यांतला एखादा माळव्याच्या मातीत लोकवनच्या तोडीचा उतरेपर्यंत बर्फी-लाडवाच्या पाकिटांपासून सुरुवात करायला काही अडचण नाही.